टी-ट्यूब रबराचीच का? (पित्तनलिकेच्या ऑपरेशननंतरच्या नळ्या)

माणदेशी
मंडळी, जरा मदत करा. आमच्या अण्णांचं (वय ६८, शुगर जुनी) मागच्या आठवड्यात पित्तनलिकेचं ऑपरेशन झालं. आधी ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून नलिकेतले खडे काढणं) करून बघितलं पण खडा मोठा होता, अडकून बसलेला, निघेना. मग पोट उघडूनच नलिकेतले खडे काढले, पित्ताशयही काढलं. आता दोन नळ्या होत्या, एक बाजूचा ड्रेन जो चार-पाच दिवसांत काढला, आणि दुसरी टी-ट्यूब (T आकाराची, नलिकेतलं पित्त बाहेर आणणारी नळी), ती अजून आहे, पिशवीत पित्त येतंय.

आता खरी भानगड. आमचे भाऊजी हॉस्पिटलचं सामान विकणाऱ्या कंपनीत सेल्सला आहेत. बघायला आले, नळी हातात धरली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हे तर साधं रबर आहे, आजकाल सगळं सिलिकॉनमध्ये मिळतं, शरीराला त्रास देत नाही, यांनी पैसे वाचवले." झालं, आईचं तोंड उतरलं, काका भांडायला निघाले. सर्जनना राउंडला विचारलं तर म्हणाले "रबरचीच हवी, मुद्दाम घातलीय" आणि पुढच्या पेशंटकडे गेले. वर शुगर आहे म्हणून नळी किमान तीन आठवडे ठेवणार म्हणतात.

प्रश्न दोन. नळी कशाची आहे याने खरंच फरक पडतो का? आणि आतलं भरून आलंय तर ती एवढे दिवस कशाला?

चहाबाज
घरात एक भाऊजी असतातच. आमचे मिक्सरपासून एमआरआयपर्यंत सगळ्यात एक्सपर्ट आहेत. बाकी अण्णांना लवकर आराम पडो.

शंकासुर
भाऊजींना इतकं हसू नका. वडिलांना प्रोस्टेटमुळे लघवीची नळी कायमची होती, तेव्हा युरॉलॉजिस्टनेच सांगितलं की जास्त दिवस ठेवायची तर सिलिकॉन घ्या, लेटेक्सने (म्हणजे रबराने) आत दाह होतो. महाग पडली पण त्रास कमी झाला. मग तोच नियम पोटाला का नाही? "मुद्दाम घातलीय" हे उत्तर मला तरी पटलेलं नाही.

डॉ_खडूस
शंकासुर, लघवीच्या नळीबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर. आणि ज्या कारणाने तिथे सिलिकॉन चांगलं, त्याच कारणाने इथे ते नको.

लघवीच्या नळीला जायचा रस्ता देवानेच करून ठेवलाय. टी-ट्यूबला असा रस्ता नसतो. तिचा आडवा भाग पित्तनलिकेत बसतो, आणि उभी दांडी यकृताखालच्या मोकळ्या पोकळीतून पोटाच्या भिंतीतून बाहेर येते. म्हणजे नलिकेपासून कातडीपर्यंतची ती सगळी वाट पोटातल्या मोकळ्या जागेतून जाते. ज्या दिवशी नळी ओढून काढतो त्या दिवशी नलिकेला एक भोक उरतं. ते काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत मिटतं, पण तोवर तिथून झिरपणारं पित्त जाणार कुठे? नळीभोवती शरीराने स्वतःचा बोगदा बांधलेला असेल तर ते त्यातून बाहेर ड्रेसिंगवर येतं. बोगदा कच्चा असेल तर पोटात सांडतं. पित्त पोटात सांडणं हे काय प्रकरण असतं ते ज्याने रात्री दोन वाजता पाहिलंय त्याला विचारा.

हा बोगदा बांधून कोण घेतं? दाह. लेटेक्स शरीराला टोचतं, म्हणजे रासायनिक अर्थाने, मग शरीर त्याच्याभोवती तंतुमय ऊतींची भिंत उभारतं, आजूबाजूचं ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पदर) येऊन चिकटतं. जुनं लाल रबर तर याहून जास्त चिडवायचं. सिलिकॉन शांत, शरीर त्याची दखलच घेत नाही, त्यामुळे भिंत पातळ बनते आणि उशिरा बनते. पीव्हीसीचंही तेच, वर ते पित्तात राहून कडक होत जातं. प्राण्यांवर वेगवेगळ्या मटेरियलच्या नळ्या घालून हे तपासलेलं आहे, आणि सिलिकॉनच्या टी-ट्यूब काढल्यावर पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या अस्तराला सूज) झाल्याच्या केसेसही छापून आलेल्या आहेत. तेव्हा माणदेशी, तुमच्या सर्जननी पैसे वाचवलेले नाहीत. फक्त शब्द वाचवलेत, आणि तो आमच्या धंद्यातला जुना रोग आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. अण्णांची जखम बाहेरून भरलीय म्हणून आतला बोगदा पिकला असं होत नाही. ओपन ऑपरेशन, तब्येत ठणठणीत, तर साधारण १० ते १४ दिवसांनी नळी काढतात. शुगर, स्टेरॉइड, कुपोषण, पोटात पाणी, यातलं काही असेल तर थांबतात. तीन आठवडे अजिबात जास्त नाहीत.

चहाबाज
खडूसराव आज खडूस वाटत नाहीयेत. आयडी हॅक झाला का?

शंकासुर
ठीक आहे, तर्क पटला. पण मग एक सांगा, शरीराला चिडवणारी वस्तू आत ठेवून नलिकेलाच व्रण पडून ती अरुंद होणार नाही का? बोगदा हवा म्हणून दाह चांगला, आणि नलिकेत तोच दाह वाईट, असं दोन्हीकडून कसं चालेल?

डॉ_खडूस
हा प्रश्न चांगलाय, रेसिडेंट विचारत नाहीत असा. म्हणूनच टी-ट्यूब बारीक नलिकेत घालायला आम्ही कचरतो. खड्यांमुळे नलिका आधीच फुगलेली असते, तिथे ती आरामात बसते. आडव्या भागाच्या फांद्या आखूड कापतात, वरची फांदी नलिकेच्या दुभाजकात शिरता कामा नये आणि खालची आतड्याच्या तोंडातून पार जाता कामा नये, नाहीतर स्वादुपिंडाला सूज यायची भीती. शिवाय आडव्या भागाची मागची भिंत कापून त्याचं पन्हाळं करतात, काढताना दोन्ही फांद्या दुमडून सटकन बाहेर येतात आणि नलिका फाटत नाही. नळी तिथे आठवडे राहते, वर्षं नाही. नलिका अरुंद होण्याची भीती जास्त असते ती जिथे नलिकेला इजा झालीय किंवा तिचा रक्तपुरवठा गेलाय तिथे.

सिस्टर_इनचार्ज
वीस-बावीस वर्षं सर्जिकल वॉर्डला काढलीत म्हणून लिहिते. नातेवाईक दोन नळ्यांमध्ये कायम गल्लत करतात. बाजूचा ड्रेन यकृताच्या खाली, उजव्या मूत्रपिंडाच्या वरच्या खळग्यात ठेवलेला असतो, आडवं झोपलं की सगळं पाणी तिथेच जमतं म्हणून. तो फक्त चुगली करायला असतो, आत काही गळतंय का ते सांगतो. त्यात पहिल्या दिवशी लालसर पाणी, मग पिवळट, मग थांबलं की काढून टाकतात. त्यात पित्त दिसायला लागलं तर मात्र लगेच सांगायचं. टी-ट्यूब वेगळी, तिच्यात पित्त येणं हेच तिचं काम.

अण्णांच्या घरच्यांसाठी:
टी-ट्यूबच्या पिशवीला सक्शन लावायचं नसतं, ती नुसती उतारावर वाहते. पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. पेशंट कुशीवर वळला की नळी अंगाखाली सापडते आणि दबते, रात्री एकदा उठून बघा. नळीला थोडी ढील ठेवून पोटावर चिकटपट्टीने एक वळसा चिकटवा, म्हणजे कोणी ठेच लागून पिशवी ओढली तर ताण पट्टीवर येईल, टाक्यावर नाही. बाथरूमला जाताना पिशवी खाटेला अडकवून निघालेले पेशंट आम्ही पाहिलेत.

रोज ठराविक वेळी पिशवी रिकामी करून किती मिली आलं ते वहीत लिहा. पहिल्या दिवसांत तीनशे-चारशे, कधी पाचशेही येतं, मग पित्त खाली आतड्यात जायला लागलं की कमी होत जातं. एकाएकी बंद झालं तर खूश होऊ नका, नळी दबली असेल, गाळाने चोंदली असेल नाहीतर सरकली असेल. आणि रंग. नळीतून येताना सोनेरी-तपकिरी, पिशवीत राहिलं की हिरवं होत जातं. एक मावशी पिशवी घेऊन धावत आल्या होत्या, आत विष झालं म्हणून. काही नाही, हवा लागली की पित्ताचा रंग बदलतो.

माणदेशी
ताई, हे प्रिंट काढून खाटेला लावतोय. अण्णांचं काल अडीचशे होतं, आज दोनशेच्या आत. वही माझी बायको लिहिते, किराणाच्या वहीसारखी, तारीख-मिली-शेरा.

कट्ट्यावरची
मला इथे लिहावंसं वाटलं कारण आमच्याकडे उलटं झालं. माझ्या सासूबाईंचं दुर्बिणीतून झालं, नलिकेतले खडे पण दुर्बिणीतूनच काढले, आम्हाला केवढं कौतुक की एवढ्याशा भोकांतून झालं. टी-ट्यूब होती, पारदर्शक, मऊ. कशाची होती ते आम्ही कधी विचारलंच नाही, विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. दोन आठवडेही झाले नव्हते, ओपीडीत बसल्या बसल्या काढली, काढताना काही नाही, नळी निघाली आणि आम्ही उठून बाहेर चहा प्यायला थांबलो. चहा संपेपर्यंत त्या पोट धरून वाकल्या. उजव्या खांद्यात पण दुखत होतं, ते मला विचित्र वाटलं, पोटाचं ऑपरेशन आणि खांदा कसा. पुन्हा ॲडमिट, सोनोग्राफी, मग दुसऱ्या शहरात नेऊन ईआरसीपीने नलिकेत स्टेंट (बारीक नळी) घातला आणि पोटात एक नळी. वाचल्या. आज सत्तर पार आहेत आणि मला पुरणपोळी नीट येत नाही हे अजून ऐकवतात.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, आणि चूक कोणाची हे मला आजही ठरवता येत नाही.

डॉ_खडूस
ताई, खांदा दुखला ना, ते पित्त छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली गेल्याचं लक्षण. पडद्याच्या नसा मानेतून येतात, त्यामुळे दुखणं खांद्यात जाणवतं.

तुमच्या केसमध्ये दोन गोष्टी एकत्र आल्या असाव्यात, लांबून एवढंच म्हणता येईल. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पोटात चिकटण कमी होतं. एरवी हा फायदा, म्हणूनच पेशंट दुसऱ्या दिवशी चालतो. पण टी-ट्यूबच्या बोगद्याला तीच चिकटण हवी असते. त्यामुळे दुर्बिणीतून घातलेली नळी ओपनपेक्षा जास्त दिवस ठेवायला हवी, बरेच जण तीन ते सहा आठवडे ठेवतात. त्यात नळी शांत मटेरियलची असेल तर आणखी सबुरी. ओपनचं कॅलेंडर दुर्बिणीला लावलं की घोटाळा.

काळापांढरा
रेडिओलॉजीवाला आलो, दोन पैसे टाकून जातो. सगळे मटेरियलवर बोलतायत, पण नळीची *वाट* तितकीच महत्त्वाची. आमच्याकडे टी-ट्यूब कोलँजिओग्राम येतो, साधारण आठवडा-दहा दिवसांनी. नळीतून आयोडीनचं औषध सोडतो आणि पडद्यावर बघतो, नलिका भरली का, खाली आतड्यात उतरलं का, कुठे खडा सावलीसारखा दिसतो का. हवेचा बुडबुडा पण हुबेहूब खड्यासारखा दिसतो, म्हणून नळी आधी नीट भरून घ्यावी लागते. नाहीतर नसलेल्या खड्यासाठी पेशंटच्या घरात रडारड.

खडा राहिला असेल तर टी-ट्यूब असणं ही चैन आहे. बोगदा चार-सहा आठवडे पिकू द्यायचा, मग नळी काढून त्याच वाटेने बास्केट (तारेची छोटी जाळी) घालून खडा बाहेर. पुन्हा चिरफाड नाही. बरहेन नावाच्या रेडिओलॉजिस्टने सत्तरच्या दशकात हे तंत्र रूढ केलं. पण त्यासाठी सर्जनने सुरुवातीलाच दोन गोष्टी केलेल्या असाव्या लागतात. नळी बारीक नको, १४ फ्रेंच तरी हवी (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप, ३ फ्रेंच म्हणजे १ मिमी, करा हिशोब), नाहीतर बोगद्यातून बास्केट काय जाणार. आणि ती नलिकेतून सरळ, बाजूला, बरगड्यांच्या खालून बाहेर काढलेली हवी. काही जण आत दोन वळणं घेऊन मधूनच बेंबीजवळ बाहेर काढतात, मग आमची तार पहिल्या वळणावर अडकते. बोगदा नळीच्याच आकाराचा होतो, वाकडी नळी तर वाकडा बोगदा.

चहाबाज
१४ फ्रेंच म्हणजे पावणेपाच मिमी. शाळेतलं गणित अखेर कामाला आलं, तेही पित्तावर.

लंडनकर_बापट
इथे यूकेत गेली बरीच वर्षं भूल देतोय, माझ्या थिएटरला टी-ट्यूब क्वचितच दिसते. एकतर बहुतेक खडे ईआरसीपीनेच निघतात, १९७४ ला एंडोस्कोपने स्फिंक्टर (नलिकेच्या तोंडाचा स्नायू) कापायची सोय जर्मनी-जपानमध्ये झाली तेव्हापासूनच हा धंदा बसत चालला. आणि दुर्बिणीतून नलिका उघडली तरी तपासून, खडे साफ असतील तर थेट शिवून टाकतात. २०१३ ला कॉक्रेनचे (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) रिव्ह्यू आले, टी-ट्यूब विरुद्ध थेट शिवणं, टी-ट्यूबने ऑपरेशनचा वेळ आणि हॉस्पिटलचा मुक्काम वाढला, फायदा काही दिसला नाही. तेव्हा रबर की सिलिकॉन हा वाद घालण्याआधी नळी हवीच होती का, हे विचारायला हवं.

डॉ_खडूस
बापट, रिव्ह्यू माहीत आहेत, त्यातले अभ्यास लहान होते हेही तुम्हाला माहीत असेल. तुमच्याकडे खडा राहिला तर दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीत ईआरसीपी होते. इथे तालुक्याच्या गावी ईआरसीपी म्हणजे ॲम्ब्युलन्स, तीन-चार तास, आणि नंबर लागेपर्यंत थांबा. आणि अण्णांच्या केसमध्ये ईआरसीपी आधीच हरलीय. अशा ठिकाणी, नलिका सुजलेली, आत पू, खाली पित्त उतरतंय की नाही याची खात्री नाही, तिथे मी आजही टी-ट्यूब घालीन. नलिका स्वच्छ, खाली मोकळं, तर मीही शिवून मोकळा होतो.

लंडनकर_बापट
मान्य. परिस्थिती तशी असेल तर मीही तेच म्हणेन.

चहाबाज
अरे हे काय, दोन डॉक्टर एकमेकांशी सहमत? ॲडमिन, धागा लॉक करा.

नाना_वाडीकर
अवांतर होईल पण विचारतो. एवढं पित्त रोज बाहेर टाकायचं म्हणजे नुकसान नाही का? आमच्या आज्याच्या वेळी म्हणे पेशंटला त्याचंच पित्त परत पाजायचे. थट्टा करताय असं समजून सोडून दिलं होतं.

सिस्टर_इनचार्ज
थट्टा नाही नाना, खरंच पाजायचे, आजही काही ठिकाणी नाकातल्या नळीतून परत देतात. मी नवीन असताना एका आजोबांना थंडगार करून, लिंबू सरबतात मिसळून दिलेलं आठवतंय. दुसऱ्या घोटाला ते म्हणाले, "सिस्टर, कारल्याचा रस बरा."

डॉ_खडूस
शरीर दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त करतं. त्यात सोडियम, बायकार्बोनेट असतं, बरंच बाहेर गेलं तर माणूस कोरडा पडतो. आणि आतड्यात पित्त नसेल तर चरबी पचत नाही, व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, रक्त गोठायला उशीर होतो. म्हणून काविळीच्या पेशंटला ऑपरेशनआधी व्हिटॅमिन केची इंजेक्शनं देतात. अण्णांचं आउटपुट उतरतंय म्हणजे पित्त योग्य वाटेला लागलंय, पाजायची वेळ येणार नाही.

वैद्यबुवा
भुईआवळ्याचा काढा सुरू करावा, यकृताला उत्तम.

सिस्टर_इनचार्ज
बुवा, नळी निघेपर्यंत राहू द्या. काही द्यायचं ते सर्जनना विचारून.

रानफूल
मला लेटेक्सची ॲलर्जी आहे, फुगे फुगवले तरी ओठ सुजतात, केळं आणि किवी खाल्लं की घसा खाजतो. माझ्यावर अशी वेळ आली तर मग काय, सिलिकॉनच ना?

डॉ_खडूस
हो, तुमच्यासाठी लेटेक्स वर्ज्य, नळी आणि ग्लोव्ह्ज दोन्ही, आणि हे ॲडमिट होतानाच फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून घ्यायचं. केळं-किवीचा संबंध खरा आहे, लेटेक्सच्या ॲलर्जीवाल्यांत तो दिसतो. सिलिकॉनची टी-ट्यूब घातली तर गुन्हा नाही, ती काढायची घाई केली तर गुन्हा. शंका असेल तर काढण्याआधी नळीशेजारून बोगदा तपासता येतो, किंवा नळी काढताना तार ठेवता येते, गळलंच तर लगेच दुसरी नळी त्याच वाटेने आत.

अजून एक, पाकिटावर "सिलिकॉनाइज्ड लेटेक्स" लिहिलेलं असतं. ते लेटेक्सच, वर सिलिकॉनचा थर. ॲलर्जीवाल्याने त्यावर विसंबू नये. कदाचित भाऊजींच्या कॅटलॉगात हेच "सिलिकॉन" असेल.

शंकासुर
भाऊजी प्रकरणावर माझा पाठिंबा अधिकृतपणे काढून घेतोय.

माणदेशी
अपडेट. काल सर्जनना गाठलं, या वेळी प्रश्न कागदावर लिहून नेले होते. नळी लेटेक्सची, १६ फ्रेंच. शुक्रवारी कोलँजिओग्राम. खाली मोकळं असेल तर नळी बंद करून घरी सोडणार, पण काढणार नाहीत, काढायला तीन आठवडे पूर्ण झाल्यावर या म्हणाले. "बंद करून" म्हणजे चिमटा लावून की टोक दुमडून बांधून, ते विचारायचं राहिलं. आणि बंद असताना पोटात पित्त साठणार नाही का, अशी आईला काळजी.

भाऊजींना धाग्याची लिंक पाठवली. निळी टिक आलीय, उत्तर नाही.

सिस्टर_इनचार्ज
टोक दुमडून दोऱ्याने बांधतात नाहीतर टोपण लावतात, वर गॉज. आईंना सांगा, बंद केली की पित्त नेहमीच्या वाटेने आतड्यात जातं, साठत नाही. पण बंद असताना थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, उजवीकडे दुखणं किंवा नळीच्या कडेने ड्रेसिंग ओलं होणं, यातलं काहीही झालं तर नळी उघडून पिशवी लावायची आणि हॉस्पिटलला फोन. कशी उघडायची ते डिस्चार्जच्या आधी सिस्टरकडून स्वतःच्या हाताने करून शिकून घ्या, एक जादा पिशवी पण मागून घ्या. आणि कडेची कातडी लाल झाली तर झिंक ऑक्साइडचं मलम, पित्त कातडी खातं.

काळापांढरा
शुक्रवारच्या तपासणीआधी आयोडीनच्या औषधाची कधी रिॲक्शन आली होती का ते विचारतील, आधीची सीटी वगैरे झाली असेल तर तो कागद न्या. तपासणीनंतर नळी लगेच बंद करत नाहीत, दिवसभर उघडी ठेवतात, औषध निचरून जाऊ दे म्हणून. कधीकधी त्या रात्री ताप येतो.

कट्ट्यावरची
आणि काढायच्या दिवशी लगेच चहाला जाऊ नका. तिथेच दोन-तीन तास बसा. गावाला परत जायची एसटी संध्याकाळची धरा.

माणदेशी
संध्याकाळची पाच चाळीसची आहे, तीच धरतो. डबा घेऊनच जाऊ.